एका फाइलीतला संगणक

व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपवर स्वतंत्र पुस्तिका कशाला, असा प्रश्न कुणाला पडला तर तो रास्तच आहे. संगणकात चालणारा हा दुसरा संगणक डिस्कवर पाहिला तर एक फाइल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ती व्हीडीआय, व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स, लिनक्सवरच्या क्यूईएमयूमध्ये क्यूकाऊ-टू. फाइल म्हटली की कॉपी करायची, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर पेस्ट करायची, झाला बॅकअप. यात चूक काहीच नाही. मशीन नीट बंद केलेलं असेल आणि त्याचं सगळं फोल्डर उचललेलं असेल, तर हा पक्का बॅकअप आहे. पण माणूस तो एकदा घेतो, दुसऱ्यांदा घेतो, आणि तिसऱ्या वेळी सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसण्याचा कंटाळा येऊन ‘उद्या घेऊ’ म्हणतो. तो उद्या बहुधा डिस्क गेल्यावर उजाडतो.

हिशेबच मांडू. ६० जीबीची फाइल जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून सेकंदाला ३०-३५ एमबी वेगाने जाते, म्हणजे अर्धा तास. यूएसबी ३.० आणि साधी फिरती हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटं काही जास्त नाहीत. पण अशी तीन मशीन असतील आणि प्रत्येकाच्या मागच्या चार प्रती हाताशी हव्या असतील, तर ७२० जीबी जागा त्यातच गेली. आणि हीच एक फाइल घरच्या ब्रॉडबँडवरून क्लाउडवर चढवायची ठरवली, तर २० एमबीपीएसच्या अपलोडला साडेसहा तासांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात घरातल्या कुणीतरी ‘नेट का चालत नाही’ म्हणून राउटर बंद करून चालू केलेला असतो.

व्हर्च्युअल मशीनची सोय मुळात घरच्या संगणकासाठी नव्हतीच. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं ते मेनफ्रेमवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपल्यापुरता वेगळा संगणक मिळावा म्हणून. साध्या इंटेल प्रोसेसरच्या पीसीवर हे १९९९ मध्ये व्हीएमवेअरने करून दाखवलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने व्हर्च्युअलबॉक्सचा सोर्स कोड खुला केला (ते पुढे सनकडे आणि सनबरोबर ओरॅकलकडे गेलं) आणि त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नलमध्ये केव्हीएम दाखल झालं. २०२४ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो वैयक्तिक वापरासाठी फुकट केलं. डेटा सेंटरमध्ये या मशीनांच्या जोडीला बॅकअपची महागडी यंत्रणा आणि ती सांभाळणारी माणसं असतात. घरी मशीन आलं, ती यंत्रणा आली नाही.

महाराष्ट्रात या मशीनांचा एक खास वापरकर्ता आहे, आणि पुस्तिका लिहिताना तोच जास्त डोळ्यांसमोर होता: डीटीपीवाला. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये, पेजमेकरवर लावलेली पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल आजच्या विंडोजवर उघडले तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड दिसते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपवला, पण जुन्या आवृत्तीत दोन दुरुस्त्या करून पुस्तक पुन्हा छापायचं तर तोच एक्सपी, तोच पेजमेकर आणि तेच फॉन्ट लागतात. म्हणून जुना पीसी मोडीत काढताना शहाण्या माणसांनी तो अख्खाच्या अख्खा व्हर्च्युअल मशीनमध्ये उचलून ठेवला. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचं उबुंटूचं मशीन गेलं तर संध्याकाळपर्यंत नवं उभं राहतं. हे एक्सपीचं मशीन गेलं तर परत उभं राहीलच असं नाही. सीडीवर ओरखडे पडलेले असतात, लायसन्सचा कागद सापडत नाही आणि ज्या विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं त्याचं दुकान आता मोबाइलच्या कव्हरचं झालेलं असतं. दोन्हींना ‘व्हर्च्युअल मशीन’च म्हणतात, पण दोन्हींचा बॅकअप सारखाच घेणं हा वेळेचा अपव्यय तरी आहे किंवा निष्काळजीपणा तरी.

आता ही फाइल इतकी त्रासदायक का, ते जवळून पाहू. विंडोजचं एखादं मशीन सुरू करा, लॉग-इन करा आणि काहीही न करता पाच मिनिटांनी शट डाउन करा. तुम्ही माउसदेखील हलवला नसेल, पण आत बरंच लिहिलं गेलेलं असतं. इव्हेंट लॉगमध्ये शेकडो नोंदी पडतात. रजिस्ट्रीच्या फाइली बदलतात. पेजफाइलमध्ये मेमरीची पानं उतरतात. डिफेंडर नव्या व्हायरसांची यादी ओढून घेतो. विंडोज अपडेट पुढच्या महिन्याची तयारी म्हणून काही उतरवून ठेवतो, आणि या सगळ्याची नोंद एनटीएफएस आपल्या जर्नलमध्ये करत राहतो. सगळं मिळून काहीशे एमबी. बाहेरच्या संगणकाला, म्हणजे होस्टला, यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की ६० जीबीच्या एका फाइलीची तारीख बदलली. फाइलनिहाय बॅकअप घेणारं साधं सॉफ्टवेअर ती तारीख पाहतं आणि सगळे ६० जीबी पुन्हा उचलतं. रोज.

यावरचा उपाय कागदावर सोपा आहे: फाइलीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची आकडेमोड करून त्याचा ठसा काढायचा, आणि ज्याचा ठसा आधीच साठ्यात आहे तो तुकडा पुन्हा लिहायचा नाही. बोर्ग आणि रेस्टिक ही दोन मोफत साधनं याच तत्त्वावर चालतात. बोर्ग २०१५ मध्ये अ‍ॅटिक नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं आणि लिनक्स व मॅकवर चांगलं चालतं. विंडोजवाल्यांनी रेस्टिककडे वळावं. पहिला बॅकअप पूर्ण आकाराचा होतो, पुढचे फक्त बदललेल्या तुकड्यांचे. वाचावी मात्र दर वेळी सगळी फाइलच लागते, कारण न वाचता ठसा काढता येत नाही. आजच्या एनव्हीएमई डिस्कवर ६० जीबी वाचायला फार वेळ लागत नाही; लिहिणं वाचतं आणि जागा वाचते, हा खरा फायदा. मागच्या तीस दिवसांची तीस रूपं एका प्रतीपेक्षा थोड्याच जास्त जागेत बसलेली पाहिली, की पूर्ण कॉपीकडे परत जावंसं वाटत नाही.

तुकडे पाडण्याच्या दोन रीती आहेत आणि व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत हा फरक माहीत असणं उपयोगाचं आहे. साध्या मजकुराच्या फाइलीत सुरुवातीला एक ओळ घातली की पुढचं सगळं सरकतं. ठरावीक मापाचे तुकडे पाडले असतील तर एका ओळीपायी सगळे ठसे बदलतात. म्हणून ही साधनं एरवी मजकूर बघून तुकड्याची सीमा ठरवतात. डिस्कच्या फाइलीत असं सरकणं नसतं. विंडोज एखादा सेक्टर बदलतं तेव्हा तो जागच्या जागी बदलतो, शेजारचे हलत नाहीत. त्यामुळे इथे ठरावीक मापाचे, समजा ४ एमबीचे, तुकडे पाडणं चालतं, आणि आकडेमोडही कमी लागते. बोर्गमध्ये ती सोय आहे. रेस्टिकमध्ये नाही, पण त्यामुळे काही अडत नाही.

याच कारणाने गेस्टच्या, म्हणजे आतल्या संगणकाच्या, पोटात डीफ्रॅगमेंट करू नये. व्हर्च्युअल डिस्क एसएसडीवर असेल तर त्याने वेग वाढत नाही, आणि आतला मजकूर इकडचा तिकडे हलल्याने रात्रीचा बॅकअप एकदम २०-३० जीबीचा होतो. डिस्क आवळण्याचंही तसंच. वाढत जाणारी, म्हणजे डायनॅमिक, डिस्क आतल्या फाइली डिलीट केल्या म्हणून लहान होत नाही. होस्टला कळतच नाही की ती जागा रिकामी झाली. आधी आत रिकाम्या जागेत शून्यं भरावी लागतात (विंडोजमध्ये एसडिलीट, लिनक्समध्ये झीरोफ्री) आणि मग बाहेरून आवळावी लागते. काम झकास होतं, ६० जीबीची फाइल कधीकधी निम्म्यावर येते. पण आवळताना तुकड्यांची जुनी मांडणी मोडू शकते. म्हणून हा कार्यक्रम बॅकअपची घडी बसवण्याआधी एकदा उरकावा, दर रविवारी नाही.

आरसिंकचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते लिहिलं, ते मंद लाइनवरून फाइलीतला फक्त फरक पाठवता यावा म्हणून. त्याची कीर्ती ऐकून लोक ते यूएसबी डिस्कवर वापरतात आणि फाइल पूर्ण कॉपी होताना पाहून बुचकळ्यात पडतात. दोन्ही डिस्क एकाच संगणकाला जोडलेल्या असतील तर आरसिंक मुद्दामच फरक शोधत बसत नाही. दोन्हीकडच्या फाइली वाचून ताडण्यापेक्षा सरळ कॉपी स्वस्त, असा त्याचा हिशेब असतो. दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर नेटवर्कवरून पाठवायचं असेल तर मात्र ते आजही कामाचं आहे.

इथवरची सगळी हुशारी एकीकडे ठेवून माझं जे मत आहे ते सांगतो, कारण पुढची प्रकरणं त्याच मतावर उभी आहेत. मशीन आणि काम वेगळं करा. मशीन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर, फॉन्ट, ड्रायव्हर, सेटिंग. हे एकदा जमलं की महिनोन्‌महिने बदलत नाही. बदलल्यासारखं दिसतं ते लॉग, अपडेट आणि पेजफाइलमुळे. काम म्हणजे तुमच्या फाइली, आणि त्या रोज बदलतात. त्या मशीनच्या पोटात ठेवायचं काही कारण नाही. शेअर्ड फोल्डर करून त्या होस्टवर ठेवल्या, की घरातल्या इतर फाइलींबरोबर त्यांचा रोजचा बॅकअप काही सेकंदांत होतो. जुनं सॉफ्टवेअर शेअर्ड फोल्डरला नाक मुरडत असेल तर कामासाठी वेगळी छोटी व्हर्च्युअल डिस्क जोडा. पेजफाइलही दुसऱ्या एका छोट्या डिस्कवर नेऊन ठेवली तर ती बॅकअपमधून सरळ वगळता येते. असं केल्यावर ६० जीबीच्या मशीनचा बॅकअप दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा काही नवं इन्स्टॉल केल्यावर, घेतला तरी पुरतो. वेगवान केबल आणि महागडं सॉफ्टवेअर मिळून जेवढा वेळ वाचवत नाहीत तेवढा या एका मांडणीने वाचतो. काही वाचक इथेच पुस्तिका मिटतील, आणि त्यांचं फारसं नुकसान होणार नाही.

स्नॅपशॉटबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचा आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते आणि पुढचे बदल एका नव्या फाइलीत लिहिले जातात. मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर टाकून त्यावर रेघा ओढाव्यात तसं हे आहे: खालचं चित्र फाटलं तर वरच्या कागदावर उरतात त्या सुट्या रेघा. शिवाय दोन्ही फाइली एकाच डिस्कवर. अपडेट टाकण्याआधी किंवा धोक्याचा प्रयोग करण्याआधी स्नॅपशॉटसारखी सोय नाही. चार दिवसांनी सगळं ठीक वाटलं की तो काढून टाकावा. पण तो सुरक्षिततेसाठी म्हणून वर्षभर साठवत राहिलं की साखळी लांबते, जागा खाते, आणि मधली एखादी फाइल ‘नको असलेली’ समजून कुणी उडवली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं निकामी होतं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी प्रकरणागणिक लिहिलेलं दिसेल. ते मुद्दाम आहे.

चालू मशीनची फाइल कॉपी करू नका. दहा वाजता कॉपी सुरू झाली आणि दहा वाजून दहा मिनिटांनी संपली, तर त्या प्रतीचा पहिला भाग दहाचा असतो आणि शेवटचा दहा-दहाचा. तशा अवस्थेत ती डिस्क प्रत्यक्षात कधीच नव्हती. वीज गेल्यावर जे होतं त्यापेक्षा हे वाईट, कारण वीज जाते तेव्हा निदान एका क्षणी जाते आणि एनटीएफएस किंवा एक्स्ट-फोर जर्नल वाचून स्वतःला सावरतात. होस्टवर बीटीआरएफएस, झेडएफएस किंवा विंडोजची शॅडो कॉपी वापरून एका क्षणाचं गोठलेलं रूप मिळवता येतं, आणि गेस्टला आधी ‘आवरून घे’ असा निरोप देणारे एजंटही असतात. त्यांची माहिती सहाव्या प्रकरणात आहे. पण चोवीस तास चालू ठेवावंच लागेल असं मशीन घरी क्वचितच असतं. शट डाउन करा आणि मग कॉपी करा. ‘सेव्ह स्टेट’ करून ठेवलेलं मशीन मात्र बंद समजू नका. त्यात मेमरीचं चित्र साठवलेलं असतं आणि ते वेगळ्या प्रोसेसरच्या संगणकावर उघडेलच याची खात्री नसते.

फक्त डिस्कची फाइल उचलणारे बरेच जण आहेत. मशीनला किती मेमरी, कुठलं नेटवर्क कार्ड, बूट कसं व्हायचं हे सांगणारी छोटी फाइल तिच्या शेजारीच असते. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, आणि मशीनचा खोटा टीपीएमदेखील अशाच एखाद्या फाइलीत साठवलेला असतो. आत बिटलॉकर चालू असेल आणि ती फाइल मागे राहिली, तर डिस्क सुखरूप असूनही रिकव्हरी कीशिवाय तुम्ही दाराबाहेर. म्हणून सगळं फोल्डर उचलावं, आणि ती की कागदावर लिहून ठेवावी.

एक लहान खिडकी इथे आवर्जून दाखवतो. व्हीएमवेअरचं मशीन नव्या जागी ठेवून पहिल्यांदा सुरू केलं की ते विचारतं: हे मशीन तुम्ही हलवलंत की कॉपी केलंत? बहुतेक जण प्रामाणिकपणे ‘कॉपी केलं’ म्हणतात. मग मशीनला नवी ओळख आणि नवा मॅक अ‍ॅड्रेस मिळतो, आणि मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं सॉफ्टवेअर लायसन्स मागत बसतं. मूळ मशीन गेलं आहे आणि बॅकअपवरून तेच परत उभं करायचं आहे, तेव्हा उत्तर ‘हलवलं’ हेच द्यायचं. मॅक अ‍ॅड्रेसऐवजी डाँगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर वेगळीच गंमत. डाँगलचा बॅकअप होत नाही. तो डबीत घालून, नाव लिहून ठेवायचा, आणि नव्या संगणकावर तो गेस्टपर्यंत पोचतो का ते आधी पाहून घ्यायचं.

प्रती ठेवायच्या कुठे, याचं उत्तर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या ३-२-१ या सूत्रात आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत भावाच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्क असली तरी चालते. निदान एक डिस्क काम झाल्यावर उपसून ठेवावी. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हापासून हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. संगणकाला जोडलेला बॅकअपही मूळ फाइलींबरोबरच कुलूपबंद होतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही, ती आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. आणि मशीनचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. सिंक हा आरसा आहे. तुमच्याकडे फाइल बिघडली की तिकडचीही बिघडते.

बॅकअपवरून मशीन परत उभं करून पाहण्यावर पुस्तिकेत सगळ्यात मोठं प्रकरण आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी लोकांचे सोर्स कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे एकाहून अधिक मार्ग त्यांनी आखून ठेवले होते. पाहायला गेले तर रोजचा बॅकअप आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तो होत नाही हे सांगणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी कुणीतरी घेतलेला स्नॅपशॉट हाती होता, म्हणून बाकीचं वाचलं. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांची ही गत, तर ज्याने दोन वर्षांपूर्वी कॉपी-पेस्ट करून डिस्क कपाटात टाकली आहे त्याने ती फाइल उघडते का हे एकदा पाहायला हरकत नसावी. व्हर्च्युअल मशीनचा इथे मोठा फायदा आहे. खऱ्या संगणकाचा बॅकअप तपासायला दुसरा संगणक लागतो. याचा बॅकअप तपासायला प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायची, नेटवर्क तोडायचं आणि सुरू करायचं. चाललं की पुसून टाकायचं.

या पुस्तिकेत कंपन्यांच्या सर्व्हरचा विचार नाही, आणि कमांडची लांबलचक यादीही नाही. त्या आवृत्तीगणिक बदलतात. ज्याच्या घरी एक संगणक, एक-दोन एक्स्टर्नल डिस्क आणि दोन-तीन मशीन आहेत, त्याच्यासाठी ती लिहिली आहे. प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. पण पान उलटण्याआधी एवढं करा: तुमचं सगळ्यात जुनं, परत उभं करता न येणारं मशीन आज शट डाउन करा, त्याचं पूर्ण फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून ठेवा. बाकीची काटकसर उद्यापासून शिकू.